दोन लाख पळालेली एसयूव्ही घ्यावी का? इसार देण्याआधी काय तपासायचं

जुन्या स्कॉर्पिओ, बोलेरो किंवा फॉर्च्युनरच्या मीटरवर दोन लाख किलोमीटरचा आकडा दिसला की गिऱ्हाईक मागं सरतं. म्हणूनच तो आकडा ऐंशी-नव्वद हजारांवर आणून ठेवलेल्या गाड्या बाजारात भरपूर दिसतात. डिझेल इंजिनाला वेळेवर ऑइल आणि स्वच्छ कूलंट मिळालं असेल तर दोन लाख हे काही म्हातारपण नाही. हिशोब दुसराच करायचा असतो: येत्या दीड-दोन वर्षांत या गाडीत कोणकोणती मोठी कामं निघणार आणि त्यांचा खर्च विक्रेत्याने किमतीतून वजा केलाय का? पुढची सगळी तपासणी या एका प्रश्नासाठी आहे.

आधी विचारा: गाडी कुणी आणि कुठं पळवली

नांदेडहून पुण्याला हायवेने आठवड्याला जाऊन-येऊन दोन लाख झालेली गाडी आणि खेड्यातल्या खडीच्या रस्त्यावर एक लाख झालेली गाडी, यात पहिली बरी. हायवेवर इंजिन योग्य तापमानावर राहतं, क्लच आणि ब्रेक कमी वापरले जातात. पुणे पासिंगची (एमएच १२, एमएच १४) गाडी बाहेरून चकाचक असते, पण शहरातल्या ट्रॅफिकमध्ये तिची क्लचप्लेट जास्त झिजलेली असू शकते.

पुढाऱ्याच्या किंवा ठेकेदाराच्या ताफ्यातली गाडी असेल तर आणखी सावध राहा. सभा संपेपर्यंत एसी लावून तासन्‌तास उभी, मग एकदम जोरात पळवायची आणि कचकन ब्रेक मारायचा. उभ्या गाडीत इंजिन चालतं, ऑइल जुनं होतं, पण मीटर एक किलोमीटरही पुढं सरकत नाही. मागं टोचनाचा हुक वेल्डिंग केलेला दिसला तर ट्रॉली ओढली का, हे विचारा. क्लच, गिअरबॉक्स आणि मागचं हाउसिंग (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा डबा) यांनी तो भार सोसलेला असतो.

टॅक्सी परमिटवर चाललेली गाडी नंतर खाजगी करून विकली जाते. आरसीवरचा वाहनाचा वर्ग आणि जुना नंबर यांची चौकशी आरटीओच्या नोंदीतून करता येते. टॅक्सीची गाडी वाईटच असं नाही, रोज चालणाऱ्या गाडीची देखभाल बऱ्याचदा नियमित होते. पण भाव खाजगी गाडीचा सांगितला तर उठून यायचं.

मीटर खरं बोलतंय का

चेसिस नंबर घेऊन त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरवर जा आणि प्रत्येक सर्व्हिसची तारीख व किलोमीटर मागा. काही ठिकाणी मालक सोबत लागतो, तर त्याला घेऊन जा. येत नाही म्हणाला तर तेच उत्तर समजा. नोंदींमध्ये २०१९ ला १,४०,००० आणि आज मीटरवर ९५,००० असं दिसलं की पुढं काही बघायचं उरत नाही.

नोंदी नसतील तर गाडीच बोलते. ब्रेक आणि क्लचच्या पॅडलचं रबर गुळगुळीत, स्टेअरिंगची कातडी चमकलेली, ड्रायव्हर सीटची उजवी बाजू खचलेली आणि मीटर सत्तर हजार, हे जुळत नाही. उलटं, सगळं नवं कोरं कव्हर घातलेलं असेल तरी कव्हर उचलून खालचं बघायचं. टायरच्या बाजूला चार आकडी ठसा असतो: ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. स्टेपनी मूळची असेल तर तिच्यावरून गाडीच्या वयाचा अंदाज येतो.

सकाळी थंड इंजिन सुरू करा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. आदल्या दिवशी विक्रेत्याला सांगून ठेवा की सकाळी येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. पोहोचल्यावर बोनटखाली हात लावून बघा. इंजिन कोमट लागलं तर थंड स्टार्टमधली काहीतरी खोड लपवली आहे.

किल्ली फिरवल्यावर दोन-तीन सेकंदांत गाडी सुरू व्हायला हवी. लांबवर स्टार्टर मारावा लागला तर बॅटरी, ग्लो प्लग (थंड इंजिन तापवणारा प्लग), नोझल (डिझेल फवारणारा इंजेक्टर) किंवा कमी झालेलं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), यांपैकी काहीतरी आहे. मग धुराकडे बघा. हिवाळ्यात सुरुवातीला थोडा पांढरा धूर येऊन विरला तर चालतं. गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा कूलंट आत जातंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय: रिंग, वाल्व्ह सील किंवा टर्बो. जोरात रेस केल्यावर दाट काळा धूर आला तर नोझल, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा वाल्व्ह) किंवा टर्बोचा फाटलेला पाइप तपासायचा. यातला पाइप स्वस्तात होतो, नोझल महागात पडतात. चार नोझलचा खर्च ऐकला की डोळे पांढरे होतात.

इंजिन गरम झाल्यावर बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे झिजलेल्या रिंगांमधून खाली ऑइलकडे निसटणारा दाब, बघा. स्लोवर चालू ठेवून डिपस्टिक बाहेर काढा आणि ऑइलचं झाकण सैल करा. डिपस्टिकच्या नळीतून ठोक्याबरोबर धुराचे लोट येत असतील किंवा ऑइल उडत असेल तर रिंग-पिस्टन संपत आलेत. काही इंजिनांत झाकण थोडं हलणं स्वाभाविक असतं, म्हणून हलण्यापेक्षा धूर आणि दाब बघा. शंका राहिली तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. सगळे सिलिंडर एकमेकांच्या जवळ हवेत. एखादा इतरांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर इंजिन खोलावं लागणार, असं धरूनच बोलणी करा.

डिझेल गाडीचं ऑइल काळं असणं हा दोष नाही, यावरून उगीच भाव पाडू नका. झाकणाच्या आतून मात्र दुधाळ चहासारखा थर दिसला तर पाणी मिसळतंय, हेड गॅस्केटचा संशय. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल तर त्यात डिझेल उतरतंय. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) डिझेल गाडीत हे जास्त दिसतं. सायलेन्सरमधला काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर साफ व्हायला गाडी बराच वेळ सलग हायवेच्या वेगाने चालावी लागते. गावातून शेत आणि शेतातून गाव एवढंच चालणाऱ्या गाडीत तो भरत जातो, साफसफाई अर्धवट राहते आणि जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. तुमचं रोजचं अंतर चार-पाच किलोमीटर असेल तर बीएस-६ डिझेल घेण्याआधी दोनदा विचार करा.

टायमिंग बेल्ट की चेन, हे आधी माहीत करून घ्या. स्कॉर्पिओच्या एमहॉक इंजिनाला चेन आहे. जुनी २.५ इनोव्हा, ३.० फॉर्च्युनर आणि १.५ डिझेल डस्टर यांना बेल्ट आहे. बेल्ट तुटला तर पिस्टन आणि वाल्व्ह एकमेकांवर आपटतात आणि पूर्ण हेडचं काम निघतं. बदलल्याचं बिल दाखवलं नाही तर तो बदललेला नाही असंच धरायचं, त्याचा खर्च किमतीतून वजा करायचा आणि गाडी घेतल्या घेतल्या आधी ते काम करायचं.

पाणी: मराठवाड्यातली खरी गोम

आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि कूलंट कमी झालं की हाताशी असतं ते बोअरचं पाणी. त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनाच्या वाटांत थर धरतात. गाडी वर्षभर ठीक चालते आणि उन्हाळ्यात घाट चढताना तापमानाचा काटा लालवर जातो. एकदा काटा लालवर गेल्यावर गाडी तशीच पळवली असेल तर हेड वाकलेलं असू शकतं.

इंजिन पूर्ण थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा (गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी अंगावर येतं). आत हिरवं, लाल किंवा गुलाबी कूलंट दिसायला हवं. गंजकट तपकिरी पाणी किंवा झाकणाखाली पांढरी खपली म्हणजे बोअरचं पाणी. मग गाडी दुपारी उन्हात उभी करून एसी फुल लावा आणि वीस मिनिटं चालू ठेवा. काटा मध्यावर स्थिर राहायला हवा. सुरू केल्या केल्या कूलंटच्या टाकीत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट गेलेलं असण्याची दाट शक्यता आहे.

रस्त्यावर किमान तीस किलोमीटर

चौकात एक फेरी मारून काही कळत नाही. बीडकडची गाडी असेल तर मांजरसुंब्याचा घाट, संभाजीनगरकडची असेल तर दौलताबाद-खुलताबादचा चढ. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलेटर दाबा. इंजिनाचा आवाज वाढला पण वेग वाढला नाही तर क्लचप्लेट घसरतेय. क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग, दाबल्यावर आवाज जात असेल तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगचा संशय. इंजिन सुरू किंवा बंद करताना खडखड झाली तर ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिन आणि क्लचमधलं धक्के शोषणारं जड चाक), जे क्लचपेक्षा महाग पडतं.

मग मोकळ्या रस्त्यावर ८० ते १०० चा वेग धरा. स्टेअरिंग थरथरलं तर बॅलन्सिंग किंवा टायर. पूर्ण गाडी खालून थरथरली तर प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या हाउसिंगपर्यंतच्या फिरत्या दांड्याचे) क्रॉस. वेगाबरोबर वाढणारी गुणगुण वळणावर बदलली तर चाकाचं बेअरिंग, सरळ चालतानाच मागून येत असेल तर हाउसिंग. समृद्धी महामार्गावर गाडी न्यायची असेल तर टायरचं वय आणि नक्षी याच तपासणीत बघा. सहा वर्षांवरचे टायर नक्षी शिल्लक असली तरी बदलण्याच्या यादीत टाका.

फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी) गाडी म्हणून जास्त पैसे देत असाल तर फोर लो (चारही चाकं कमी वेगात, जास्त जोराने फिरवणारा गिअर) लावून दाखवायला सांगा, पण मोकळ्या मातीत किंवा शेतात. कोरड्या डांबरावर वळण घेतलं तर गिअर अडकतो आणि चांगली यंत्रणाही खराब होते. वर्षानुवर्षं न वापरलेला फोर बाय फोर कधी कधी लागतच नाही.

गाडीखाली शिरा

जॅक नको, गॅरेजचा रॅम्प लागतो. काळ्या मातीचा चिखल चेसिसच्या खोबणीत दगडासारखा वाळतो, पावसात ओल धरून ठेवतो आणि लोखंड आतून खातो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चेसिस ठोकत जा. आवाज बदलला, पापुद्रे निघाले की थांबा. चेसिसवर वेल्डिंगची रेघ किंवा ताजा काळा रंग असेल तर ती गाडी सोडा, भाव कितीही पाडला तरी. चेसिस नंबर तिथंच आरसीशी ताडून बघा, घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर पुढची बोलणी नकोत.

बुश, बॉल जॉइंट, पाटे, शॉकअप ही कामं दोन लाखांवर निघणारच. त्यासाठी गाडी नाकारू नका, फक्त यादीत लिहा.

पुरातली गाडी ओळखा

२०२५ च्या सप्टेंबरमधल्या अतिवृष्टीत धाराशिव, बीड, नांदेडकडे पुराचं पाणी वस्त्यांत शिरलं. पाण्यात उभी राहिलेली गाडी धुऊन-पुसून परजिल्ह्यात विकायला येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ दिसते. सीटच्या रुळांवरचा गंज, कार्पेटखालची माती, फ्यूज बॉक्समधले हिरवे डाग बघा. इन्शुरन्सचा क्लेम झाला का, हे पॉलिसी नंबरवरून कंपनीकडे विचारा. वायरिंगमध्ये पाणी गेलेली गाडी वर्षभराने एकेक बटण बंद पाडत जाते.

कागद

परिवहन ॲपवर नंबर टाकून आरसी, इन्शुरन्स आणि बँकेचा बोजा बघा, चलनं वेगळी तपासा. बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा बोजा उतरवायचा अर्ज) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. १ एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसलेली हवी.

खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं. चौदा वर्षांची गाडी स्वस्त दिसते, पण वर्षभरात फिटनेस, नूतनीकरण आणि पर्यावरण कर तुमच्या खिशातून जाईल. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यामुळं तिकडच्या एसयूव्ही इकडं कमी भावात येतात. तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि नवा नंबर हे सगळं झाल्यावर काय पडतं ते आधी काढा.

इन्शुरन्स १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. नो क्लेम बोनस जुन्या मालकाकडेच राहतो, तो धरून प्रीमियम मोजू नका.

आता आकडेमोड

समजा मागणी ६,५०,००० रुपयांची आहे. गॅरेजवाल्याकडून लेखी अंदाज घेतला: चार टायर ४५,०००, क्लच ३०,०००, टायमिंग बेल्ट १८,०००, खालचे बुश आणि शॉकअप २७,०००, नावावर करणं आणि इन्शुरन्स २०,०००. बेरीज १,४०,०००. म्हणजे गाडी ७,९०,००० ला पडली. त्याच मॉडेलची ही कामं झालेली, बिलं असलेली गाडी ७,६०,००० ला मिळत असेल तर ती घ्या, तिचं मीटर पन्नास हजारांनी जास्त असलं तरी. नाही तर हीच यादी विक्रेत्यापुढं ठेवा. "जरा कमी करा" म्हणण्यापेक्षा गॅरेजचा कागद जास्त काम करतो.

सौदा ठरला की इसारपावतीवर गाडीचा नंबर, चेसिस नंबर, मीटरवरचा आकडा, शिल्लक रक्कम आणि "कागद अपुरे निघाल्यास इसार परत" एवढं लिहून दोघांच्या सह्या घ्या. ताबा घेताना तारखेबरोबर वेळही लिहायची, त्या सकाळचं चलन कुणाचं यावरून नंतर भांडण नको. घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात इंजिन, गिअरबॉक्स आणि हाउसिंगचं ऑइल, चारही फिल्टर बदला, रेडिएटर धुऊन कंपनीने सांगितलेलं कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून भरा आणि डिक्कीत पाच लिटरचा डिस्टिल्ड वॉटरचा कॅन ठेवा, म्हणजे रस्त्यात बोअर शोधावा लागत नाही.