क्रूझच्या शेवटच्या सकाळी डोकं शाबूत ठेवून जहाजातून कसं उतरायचं

क्रूझवर चढताना जेवढं कौतुक होतं ना, उतरताना त्याच्या पाव पण होत नाही. चढताना हसून स्वागत वगैरे, आणि उतरायच्या दिवशी सकाळी साडेसहालाच स्पीकर ठणाणा करायला लागतो, लिफ्टसमोर बॅगांचा ढीग, बुफेत टेकायला खुर्ची नाही, आणि रोज गोड बोलणारा आपला केबिनवाला हातात नव्या चादरी घेऊन कॉरिडॉरमध्ये उभा, ही मंडळी एकदाची कधी निघतायत याची वाट बघत. पहिल्या वेळी मला चक्क अपमान झाल्यासारखं वाटलं होतं. मग कळलं की त्याची काही चूक नाही, त्याला दुपारपर्यंत अशा बऱ्याच खोल्या संपवायच्या असतात.

भानगड अशी आहे की जहाज पहाटे धक्क्याला लागतं आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी संध्याकाळच्या आत नवीन लोकं घेऊन परत निघतं. म्हणजे मधल्या दहा-एक तासांत जुने सगळे बाहेर, सगळ्या खोल्या साफ, कचरा खाली, आठवडाभराचं खाणं-पिणं वर आणि नवीन सगळे आत. आता २०२४ मध्ये सुरू झालेलं आयकॉन ऑफ द सीज हे जहाज घ्या, पूर्ण भरलं तर सुमारे ७,६०० प्रवासी. एवढं अख्खं गाव उतरणार, पण बाहेर पडायला गँगवे (जहाजातून धक्क्यावर उतरायचा पूल) एक किंवा दोन आणि पुढे पासपोर्ट बघणारे मोजकेच. म्हणून त्या सकाळी तुम्ही कितीही धावपळ केलीत तरी फार काही हातात नसतं, जे काही हातात असतं ते आदल्या दोन दिवसांत. त्यामुळे मी पण तिथूनच सुरू करतो.

खरं तर सुरुवात तिकीट काढताना

परतीचं विमान सकाळचं काढू नका. बस. जहाज ७ ला लागणार असं लिहिलंय म्हणजे ७ ला तुम्ही रस्त्यावर असं नसतं, आधी बंदरातले अधिकारी जहाजाला क्लिअरन्स देतात, मग उतरणं सुरू, मग तुमचा नंबर, मग बॅग, मग कस्टम्स, मग टॅक्सीची रांग. दुपारी १ नंतरचं विमान घ्या, आंतरराष्ट्रीय असेल तर अजून उशिराचं, आणि थंडीत अमेरिकेतल्या टाम्पा किंवा गॅल्व्हेस्टनसारखं धुक्याचं बंदर असेल तर सरळ एक रात्र तिथेच हॉटेलात काढा, कारण धुकं पडलं की जहाज बाहेर समुद्रातच थांबतं आणि कॅप्टनसुद्धा काही करू शकत नाही.

दुसरं म्हणजे नकाशा बघा. क्रूझवाले ज्या शहराचं नाव लावतात ते बंदराच्या शेजारी असेलच असं नाही. "रोम" लिहिलेलं जहाज लागतं चिविटावेक्कियाला, म्हणजे रोमपासून ७०-८० किलोमीटर लांब, आणि "लंडन" म्हणून साउथॅम्प्टनला उतरलात तर लंडन तिथून सव्वाशे किलोमीटरच्या वर. विमानाचं गणित करताना हा रस्ता लोक हमखास विसरतात.

दोन दिवस आधी: बिल

हे काम शेवटच्या रात्रीवर ठेवू नका, हात जोडून सांगतो. शेवटच्या रात्री गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरसमोर जी रांग लागते ती बघूनच माणूस चुकीचे पैसे भरून मोकळा होतो. मी एकदा एका न प्यायलेल्या कोल्ड्रिंकसाठी पाऊण तास उभा होतो, माझ्या पुढे एक आजोबा मसाजच्या बिलावरून भांडत होते आणि मागे एक बाई सारखी घड्याळ बघत होती कारण तिच्या बॅगा अजून भरायच्या होत्या. कोल्ड्रिंक बिलातून निघालं, पण रात्रीचा शो गेला ना.

तेव्हा दोन दिवस आधी ॲपवर किंवा केबिनच्या टीव्हीवर बिल उघडा आणि एकेक ओळ वाचा. मिनीबार, फोटो, दोनदा लागलेली ड्रिंक्स, आणि रोजची माणशी टिप, जी बऱ्याच कंपन्या आपोआप लावतात. ती तिकिटाबरोबर आधीच भरली असेल तर परत लागली नाही ना हे बघा. त्यात काही बदल करून घ्यायचा असेल तर जहाजावर असतानाच, घरी जाऊन इमेल करत बसायला लागलं की झालं कल्याण. कंपनीने खर्चायला फुकट क्रेडिट दिलं असेल तर ते परत मिळणारं आहे का तेही विचारा, बरंचसं क्रेडिट उतरलात की बुडतं, त्यापेक्षा दुकानातून टोपी घेतलेली बरी. आणि डेबिट कार्ड दिलं असेल तर लक्षात ठेवा, बँकेने अडवून ठेवलेली रक्कम मोकळी व्हायला क्रूझ संपल्यावरही काही दिवस जाऊ शकतात, म्हणून टॅक्सी आणि हॉटेलचे पैसे त्याच खात्याच्या भरवशावर ठेवू नका.

बॅग त्यांच्याकडे द्यायची की स्वतः ओढायची

शेवटच्या दिवसाचा सगळ्यात मोठा निर्णय हाच.

एक पद्धत म्हणजे जहाजवाले तुम्हाला नंबर किंवा रंग असलेले टॅग देतात, ते बॅगांना लावायचे, रात्री ठराविक वेळेच्या आत (साधारण १०-११ ला) बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या आणि झोपायचं. सकाळी बॅगा थेट टर्मिनलमध्ये, तुम्ही तुमचा नंबर आल्यावर हात हलवत जायचं. दुसरी पद्धत म्हणजे सगळं सामान स्वतः घेऊन निघायचं, त्यांना पहिल्यांदा सोडतात, पण एकाच वेळी हजारभर लोक बॅगा घेऊन लिफ्ट आणि जिन्यावर आले की काय होतं ते बघायला एकदा जरूर जा, आपण स्वतः त्यात नसताना.

माझं मत विचाराल तर: विमान लवकरचं असेल, माणशी एकच चाकाची बॅग असेल आणि ती उचलून चार मजले जिना उतरायची तयारी असेल तरच स्वतः ओढा. बरोबर लहान मुलं, म्हातारी माणसं किंवा दुखरे गुडघे असतील तर द्या बॅगा देऊन. व्हीलचेअरची मदत लागणार असेल तर तेही एक-दोन दिवस आधी नोंदवा, सकाळी ऐनवेळी मागितलीत तर तासभर कुठेतरी बसवून ठेवतील.

टॅगवरचा नंबर फार उशिराचा आला असेल तर आदल्या दिवशी दुपारीच काउंटरवर जाऊन विमानाची वेळ दाखवा, लवकरचा नंबर बहुतेक वेळा देतात. सकाळी गेलात तर काही उपयोग नाही, तोवर बॅगा खाली रचून झालेल्या असतात.

बॅग बाहेर ठेवायच्या आधी थांबा

इथे माझी फजिती सांगतोच. रात्री पावणेअकराला घाईघाईत सगळं कोंबलं, बॅग बाहेर ठेवली, मोठ्या हुशारीने सकाळचे कपडे खुर्चीवर काढून ठेवले होते, शर्ट, पँट, मोजे, सगळं. बेल्ट बॅगेत गेला. आठवडाभर बुफे खाऊनही पँट सैल कशी काय होती देव जाणे, पण सकाळी एका हातात पाठीवरची सॅक, पासपोर्ट आणि की-कार्ड आणि दुसऱ्या हातात पँट, असा मी गँगवे उतरलो. बायको पुढे दहा फूट अंतर ठेवून चालत होती.

तर सकाळचे कपडे नुसते काढून ठेवू नका, रात्रीच एकदा अंगावर चढवून बघा, बुटांसकट. त्याशिवाय तुमच्याजवळ राहायला हवं ते म्हणजे पासपोर्ट, विमानाचं तिकीट, औषधं, चष्मा, चार्जर, दागिने, गाडीची किल्ली, दात घासायचं सामान. काही मार्गांवर पासपोर्ट सुरुवातीलाच जहाजवाले जमा करून घेतात, तसं असेल तर तो परत घ्यायचा दिवस आणि जागा नीट वाचून ठेवा.

बाटल्यांचं एक वेगळंच त्रांगडं असतं. वाटेत बंदरावर किंवा जहाजावरच्या दुकानात घेतलेली दारू बऱ्याच कंपन्यांची जहाजं ठेवून घेतात आणि शेवटच्या संध्याकाळी केबिनमध्ये आणून देतात. आता विमानात हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरच्या वरचं द्रव साधारणपणे चालत नाही, म्हणजे बाटली मोठ्या बॅगेतच जायला हवी, आणि मोठी बॅग तर रात्री बाहेर जाणार. म्हणून बाटली हातात आल्याशिवाय ती बॅग बंद करू नका, आणि कपड्यांमध्ये नीट गुंडाळा, बॅगा खाली मोठ्या पिंजऱ्यात रचून नेतात, हळुवारपणे वगैरे नाही.

बॅगेवरचे जुने विमानाचे टॅग काढून टाका, नवीन टॅगसकट बॅगेचा मोबाइलवर फोटो काढा, आणि हँडलला काहीतरी भडक बांधा. का ते पुढे येतंच.

तिजोरी उघडून आत हात फिरवा. नुसतं बघू नका, मागच्या कोपऱ्यात अंगठी दिसत नाही. उशीखाली, पलंगाखाली, बाथरूमच्या दारामागे. लोखंडी भिंतीवर मॅग्नेट लावले असतील तर तेही.

सकाळ

अलार्म लावताना मोबाइलची वेळ आणि जहाजाची वेळ एकच आहे ना ते बघा, बंदर जवळ आलं की फोन किनाऱ्याचं नेटवर्क पकडून आपोआप वेळ बदलतो आणि जहाज आपल्याच वेळेवर चालत असतं. जहाज धक्क्याला लागेपर्यंत फोन एअरप्लेन मोडवरच असू द्या, जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क उपग्रहावरून चालतं आणि त्याचं रोमिंग बिल बघून मागचे सगळे दिवस विसरायला होतं.

बाथरूम केबिनमध्येच आटपा. नंतर अख्खं जहाज सार्वजनिक बाथरूमच्या रांगेत असतं.

नाश्त्याला सगळे वर बुफेत धावतात, पण खालचं टेबलावर वाढून देणारं मोठं डायनिंग बहुतेक जहाजांवर त्या सकाळीही उघडं असतं, वेळ आदल्या दिवशीच्या पत्रकात असते. तिथे निवांत बसून खाता येतं. केबिन साधारण ८-साडेआठला सोडावी लागते.

लिफ्टची एक युक्ती सांगतो. खाली जाणारी लिफ्ट वरूनच भरून येते, तुमच्या मजल्यावर दार उघडतं, आतले बारा जण तुमच्याकडे बघतात, दार बंद. तेव्हा वर जाणारी पकडा, शेवटपर्यंत वर जा आणि त्याच लिफ्टने खाली या. दोन मिनिटं जास्त जातील, पण खाली उतराल. वरून उतरणाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात, पडू द्या.

आणि नंबर पुकारायच्या आधी गँगवेजवळ जाऊन उभं राहू नका हो. सगळ्यांना वाटतं आपण जवळ राहिलो तर लवकर सुटू, त्यामुळे ज्यांचा नंबर आलाय त्यांनाच वाट मिळत नाही आणि सगळंच अडतं. थिएटरमध्ये बसा, नाहीतर वरच्या मोकळ्या डेकवर जा, तिथे त्या वेळी जवळजवळ कोणी नसतं आणि खाली फोर्कलिफ्टवाले बटाट्याच्या पोत्यांपासून टॉयलेट पेपरपर्यंत सगळं कसं आत ढकलतात ते बघत तास सहज निघून जातो. मात्र कान उघडे ठेवा, कधी कधी इमिग्रेशनचे अधिकारी काही जणांना नाव घेऊन बोलावतात, आणि तुम्ही गेला नाहीत तर बाकीच्यांचं उतरणंसुद्धा रखडू शकतं, मग तुमचं नाव अख्ख्या जहाजाला पाठ होतं.

बाहेर पडताना की-कार्ड मशीनला लावलं की टुंग वाजतं. तो टुंग झाला की परत आत जाता येत नाही, तेव्हा चष्मा, टोपी, मुलांची बाहुली सगळं त्याच्या आधी मोजा. बुफेतून उचललेलं सफरचंद पण तिथेच संपवा. फळं, मांस वगैरे बाहेर न्यायला खूप देशांत बंदी आहे आणि अमेरिकेत तर विमानतळासारखी बंदरावर वास घेणारी कुत्री असू शकतात, सॅकेच्या तळाशी विसरलेल्या केळ्यापायी दंड भरायला लागला तर काय सांगणार.

टर्मिनल

हॉलमध्ये बॅगा नंबर किंवा रंगाप्रमाणे रांगेत लावलेल्या असतात. आपल्या रांगेत नसेल तर घाबरू नका, शेजारच्या दोन रांगा बघा, टॅग तुटून किंवा चुकीच्या ढिगात जाऊन बॅग तिथे असते. आमची गडद निळी बॅग एकदा मिळेचना, तिच्यासारखीच दुसरी मात्र एकटी उभी होती. म्हणजे कोणीतरी आमची घेऊन गेलं होतं. बायकोने फोटो दाखवला, हॉलमधल्या माणसाने त्या दुसऱ्या बॅगेवरच्या केबिन नंबरवरून मालक शोधले, ते काका बाहेर टॅक्सीच्या रांगेत सापडले. अजून पाच मिनिटं गेली असती तर आमचे कपडे त्यांच्या घरी पोचले असते. म्हणून बॅग हातात घेतल्यावर टॅगवरचं नाव वाचूनच हलायचं, आणि मिळालीच नाही तर हॉलमध्येच तक्रार लिहून तिची प्रत घ्यायची, बाहेर पडल्यावर ते सगळं फोनवर करणं फार कटकटीचं होतं.

सामान जास्त असेल तर हमाल घ्या. पासपोर्ट आणि कस्टम्समधून बाहेर काढून पार टॅक्सीपर्यंत सोडतो, आणि बऱ्याच बंदरांवर त्याची वाट वेगळी आणि छोटी असते, ते पैसे मी दर वेळी आनंदाने देतो. त्या पँटच्या फजितीच्या दिवशी तर बेल्ट बॅगेत होता, त्यामुळे हमालाला थांबवून आधी बॅगच उघडली.