पीआर मिळाला तरी ‘नॅशनॅलिटी’पुढे इंडियाच लिहायचं

आमची कॅनडाची पीआर, म्हणजे पर्मनंट रेसिडेंट, कार्डं पोस्टाने घरी आली तेव्हा सासूबाई मिसिसॉगाला आमच्याकडेच होत्या. त्यांनी ती देवापुढे ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाल्या, “आता तुम्ही इकडचे झालात बरं का.” मलाही अगदी तसंच वाटलं होतं. म्हणूनच पुढच्या वर्षी बहिणीकडे न्यू जर्सीला जायचं ठरलं आणि अमेरिकेच्या व्हिसाचा डीएस-१६० हा ऑनलाइन फॉर्म भरायला बसले, तेव्हा नॅशनॅलिटीच्या रकान्यात मी बिनदिक्कत ‘कॅनडा’ निवडलं.

फॉर्म सबमिट झाला, कन्फर्मेशनचं पान छापून घेतलं. ते वाचताना ह्यांच्या लक्षात आलं. नॅशनॅलिटी कॅनडा, आणि त्याच पानावर पासपोर्ट नंबर भारतीय पासपोर्टचा! सबमिट केलेला फॉर्म दुरुस्त करता येत नाही. मग नवा भरला आणि अपॉइंटमेंटच्या खात्यात जुन्याच्या जागी नवा कन्फर्मेशन नंबर घातला. मुलाखतीच्या आधी लक्षात आलं म्हणून निभावलं. जाणूनबुजून खोटी माहिती दिली असा ठपका बसला, तर अमेरिकेचा व्हिसा कायमचा अडकू शकतो. त्यामुळे नव्याने पीआर झालेल्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगते.

पीआर म्हणजे कॅनडात कायम राहायची, काम करायची परवानगी. नागरिकत्व त्याने बदलत नाही. ज्या देशाचे तुम्ही नागरिक, ती तुमची नॅशनॅलिटी, आणि आपल्या हातात पासपोर्ट भारताचा आहे. खात्री करायची असेल तर पीआर कार्डच डोळ्यांजवळ धरून बघा. फोटोशेजारच्या बारीक अक्षरांत ‘नॅशनॅलिटी’ असं छापलंय आणि त्याखाली आयएनडी, म्हणजे इंडिया, ही तीन अक्षरं आहेत. माझ्या कार्डावर ती पहिल्या दिवसापासून होती, मी वाचलीच नव्हती.

मग पीआर लिहायचा कुठे? डीएस-१६०मध्ये त्याला स्वतंत्र प्रश्न आहे. आधी नॅशनॅलिटी विचारतात, तिथे इंडिया. मग दुसऱ्या कुठल्या देशाचं नागरिकत्व आहे का किंवा पूर्वी होतं का, तिथे नाही. आणि लगेच पुढे, नॅशनॅलिटीच्या देशाखेरीज दुसऱ्या देशाचे पर्मनंट रेसिडेंट आहात का? इथे हो म्हणायचं आणि यादीतून कॅनडा निवडायचं. घाईत मधल्या प्रश्नालाही ‘हो’ केलं जातं, तेव्हा हे तीन प्रश्न सावकाश वाचा.

पासपोर्टच्या पानावर आणखी एक खाचखळगा आहे. माझा पासपोर्ट इथेच रिन्यू झाला, त्यामुळे त्यावर ‘प्लेस ऑफ इश्यू’ टोरांटो आहे. फॉर्म दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारतो. पासपोर्ट कुठल्या देशाने दिला, तर इंडिया. कुठल्या गावी दिला, तर टोरांटो, ऑन्टारियो, कॅनडा. दुसरं उत्तर पहिल्या रकान्यात गेलं की तुम्ही कॅनडाचा पासपोर्ट असल्याचं सांगून बसता.

युरोपातल्या बऱ्याच देशांना एकत्र चालणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या फॉर्ममध्येही हाच हिशोब, शब्द तेवढे वेगळे. करंट नॅशनॅलिटी इंडियन. राष्ट्रीयत्वाचा देश सोडून दुसरीकडे राहता का, असं पुढे विचारतात. तिथे हो म्हणून पीआर कार्डाचा नंबर आणि ते कधीपर्यंत चालतं ती तारीख घालायची. कार्ड साधारण पाच वर्षांचं असतं, ते संपत आलं असेल तर आधी रिन्यूला टाका. विमानाच्या ऑनलाइन चेक-इनमध्ये नॅशनॅलिटी इंडिया, ‘कंट्री ऑफ रेसिडेन्स’ कॅनडा. परत येताना पासपोर्टबरोबर पीआर कार्डाचीही माहिती द्यावी लागते, म्हणून ते हातातल्या पर्समध्ये ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.

इथल्या इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये इलेक्शन्स कॅनडाचा, म्हणजे इथल्या निवडणूक यंत्रणेचा, भाग असतो. कॅनडाचे नागरिक आहात का, याला पीआरवाल्यांनी ‘नाही’ म्हणायचं. टॅक्स भरतो म्हणून मताचा अधिकार मिळत नाही.

आमच्या घरातला खरा घोळ वेगळाच आहे. मुलगा इथे जन्मला, त्यामुळे तो जन्मतःच कॅनडाचा नागरिक. आम्हा दोघांना अमेरिकेचा व्हिसा लागतो, त्याला लागत नाही. एकाच टेबलावर बसून तिघांचे फॉर्म भरायचे तर माझ्या आणि ह्यांच्या रकान्यात इंडिया आणि त्याच्या रकान्यात कॅनडा. आईबापाचं उत्तर लेकराच्या फॉर्ममध्ये कॉपी-पेस्ट करू नका. जन्मदेशाचा रकाना तर आणखी वेगळा. माझा जन्म सांगलीचा, तेव्हा पुढेमागे पासपोर्ट कुठलाही आला तरी तिथे इंडियाच राहणार.

आमचे कॅनडाच्या नागरिकत्वाच्या अर्जासाठी लागणारे इथल्या वास्तव्याचे १,०९५ दिवस येत्या मार्चमध्ये भरतील. अर्ज केला म्हणूनही काही बदलत नाही. शपथ घेईपर्यंत नॅशनॅलिटी इंडियनच. शपथ घेतली की १९५५च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे भारताचं नागरिकत्व आपोआप संपतं, भारतीय पासपोर्टवर प्रवास करता येत नाही, तो सरेंडर करावा लागतो. त्यानंतर ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत सरकार देतं ते कार्ड) काढलं तरी नॅशनॅलिटीपुढे कॅनडियनच लिहायचं. आणि डीएस-१६०मधल्या ज्या मधल्या प्रश्नाला मी आज ‘नाही’ म्हणते, पूर्वी दुसरं नागरिकत्व होतं का, त्याला तेव्हा कुणी व्हिसाचा फॉर्म पुढे केला, तर ‘हो, इंडिया’ असं लिहावं लागेल. शेंगेनच्या फॉर्ममध्ये ‘जन्माच्या वेळची नॅशनॅलिटी’ असा रकाना आहे, तोही तेव्हाच भरायचा. आज तो मी रिकामा सोडते.