नोकरी शोधताना एक वही ठेवा
चाकणच्या कारखान्यातली क्वालिटीची नोकरी गेली, तेव्हा दोन महिने मी दिसेल तिथे अर्ज टाकत सुटले. कुणाचाच फोन नाही. मग दोनशे पानी वही घातली: कंपनी, तारीख, कुणाशी बोलले, काय म्हणाले. आठ दिवसांनी फोन करायचा. ‘कळवतो’ म्हणाले, तर आणखी आठ दिवसांनी एकदा, आणि मग नावावर रेघ. ती रेघ ओढाच, नाहीतर जीव तिथेच अडकून राहतो.

बायोडेटात ‘मेहनती’ नको. व्हर्नियर, मायक्रोमीटर ही मापं घ्यायची साधनं वापरता येतात, असं नेमकं लिहा. जुन्या कंपनीकडून रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कामातून मोकळं केल्याचं पत्र, मागून घ्या. पीएफचा यूएएन नंबर पुढच्या नोकरीतही तोच चालतो.

नोकरीसाठी कुणी डिपॉझिट मागितलं, तर उठून या. माझ्याकडे अडीच हजार मागितले होते. मी पर्स उघडलीसुद्धा होती.