कोळी चावला वाटतंय? आधी घरी काय बघायचं, काय करायचं

आमच्याकडे पावसाळ्यात कुणाच्या अंगावर काहीही उठलं की निदान ठरलेलं, कोळी फिरला असणार. मागच्या जुलैत भाच्याच्या मानेवर सकाळी लाल पट्टा दिसला, चटका बसल्यासारखा, त्यात मोहरीएवढे पिवळट फोड, आणि आम्ही काही म्हणायच्या आत आजीने डब्यातला चुना फासला पण होता. दुपारपर्यंत कातडं चुन्याने वेगळंच सोललं. डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि एकच विचारलं, परवा रात्री लाईटखाली बसला होतास का, मानेवर काही चिरडलंस का. हो म्हणाला. म्हणजे कोळी नव्हताच, तो काळ्या-केशरी पट्ट्यांचा मुंगीसारखा लांबट किडा असतो ना ट्यूबलाईटभोवती येणारा, तो चावत नाही, पण चिरडला की त्याच्या अंगातला रस कातडी जाळतो आणि ते दिसतं एकदोन दिवसांनी, तोवर किडा कुणाच्या लक्षात पण नसतो. असा किडा अंगावर बसला तर फुंकर घालून उडवा, चिरडू नका, आणि चिरडला गेलाच तर लगेच साबणाने धुवा.

असो. समजा खरंच काहीतरी चावलंय. पहिलं काम साबण आणि नळाचं वाहतं पाणी, चोळू नका नुसतं धुवा. अंगठी, बांगड्या, घड्याळ, मनगटाचा दोरा सगळं तेव्हाच काढून ठेवा, कारण सूज चढली की अंगठी कापायला सोनाराकडे पळावं लागतं. मग बर्फ फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं ठेवा, काढा, थोड्या वेळाने परत. हात किंवा पाय असेल तर खाली उशी. दुखत असेल तर मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल चालते, पोरांना वजनाप्रमाणे, अंदाजपंचे नको. आणि एक फार कामाची गोष्ट, बॉलपेन घ्या, लाली जिथे संपते तिथे कडेकडेने रेघ मारा, बाजूला टाइम लिहा, मोबाईलवर फोटो काढा. नाहीतर तासाभराने घरात वाद सुरू होतो, वाढलंय की नाही वाढलंय, निम्मे म्हणतात वाढलंय निम्मे म्हणतात तुझ्या मनाचे खेळ. लाली रेघेच्या बाहेर पसरली, ताप आला, पू धरला तर दवाखाना, आणि डायबेटीस असेल तर मुळात वाट बघूच नका. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय तेही विचारून घ्या.

चुना, मशेरी, रॉकेल, टूथपेस्ट, हळदीचा लेप, काही नको. ब्लेडने चिरायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही, वर दोरी आवळायची नाही.

आता खरी भानगड इथे आहे. महाराष्ट्रात कोळी चावून जीव धोक्यात येणं जवळपास होतच नाही, पण 'कोळी चावला असेल' म्हणून झोपून जाणं हे मात्र जीवावर बेतू शकतं. जमिनीवर अंथरूण, रात्री दोन-तीनला काहीतरी टोचल्यासारखं झालं, लाईट लावला तर भिंतीवर कोळी, झालं, त्याच्यावर ढकललं आणि परत झोपले. मण्यार अशीच चावते. रात्री येते, चावल्याचं धड दुखत नाही, सूज नाही, खूण कधीकधी दिसत पण नाही. मग काही वेळाने, कधी काही तासांनी, पोटात कळ, उलटी, घसा दुखणं, पापण्या जड होऊन मिटायला लागणं, एकाचं दोन दिसणं, थुंकी गिळता न येणं. यातलं एक जरी दिसलं तर बर्फ-बिर्फ राहू दे, माणसाला चालवू नका, चावलेला हात-पाय हलवू देऊ नका, १०८ ला फोन करा किंवा गाडीत घालून सरळ सरकारी रुग्णालय. तिथे सापाच्या विषावरची लस असते, नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारही त्यात आले. आणि जमिनीवर झोपलेला माणूस रात्री 'काहीतरी चावलं' म्हणत उठला तर मी म्हणेन लक्षणं यायची वाट पण बघू नका, दवाखान्यात जाऊन बसा, फार तर एक रात्र जागरण होईल.

दुसरा विंचू. कोकणातला तांबडा विंचू काळ्यापेक्षा लहान पण जास्त वाईट. नुसती आग होत असेल तर ठीक, पण दरदरून घाम, हातपाय गार, उलट्या, छातीत धडधड असं झालं तर, त्यात पोरगं असेल तर, एक मिनिट घालवू नका. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी यावर प्राझोसिनची गोळी वापरायला सुरुवात केली, ब्लडप्रेशरची साधी गोळी, आणि तिने कोकणातली किती पोरं वाचली. पण ती डॉक्टरने द्यायची, घरातल्या बीपीच्या गोळ्या काढून चारू नका.

कमरेवर किंवा छातीवर एकाच बाजूला फोडांची रांग आणि आधीपासून ठणका, ती नागीण, तीन दिवसांच्या आत औषध सुरू झालं तर बरं. काखेत-जांघेत काळी खपली, सिगरेटने भाजल्यासारखी, न दुखणारी, आणि सोबत ताप, तर स्क्रब टायफस, म्हणजे गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने येणारा ताप, असू शकतो, २०१८ ला नागपूरकडे याची बरीच साथ होती. डॉक्टरला खपली मुद्दाम दाखवा, कपड्याखाली राहून जाते.

कोळी सापडलाच तर फोटो काढा, पण त्याच्या मागे फर्निचर सरकवत बसू नका. सिडनीकडे असाल तर मात्र हिशोबच वेगळा, तिथला फनेल वेब कोळी चावला तर पूर्ण हातापायाला घट्ट बँडेज गुंडाळून ००० ला फोन, आणि रेडबॅक कोळी चावला तर बँडेज नाही, नुसता बर्फ आणि दवाखाना.

आपल्याकडे भिंतीवर दिसतो तो तळहाताएवढा चपटा तपकिरी, तो झुरळं खातो, जाळं पण विणत नाही, दाबला तरच चावतो. आमच्याकडे एक कॅलेंडरच्या मागे राहते, सध्या पोटाखाली अंड्यांची पांढरी चकती धरून फिरतेय. काढायची असेल तर वरून पारदर्शक डबा ठेवायचा, खालून जाड पुठ्ठा सरकवायचा, आणि पाय डब्याच्या कडेखाली अडकत नाही ना ते बघून हळूच बाहेर कुंडीपाशी सोडायची. डबा मोठा घ्या, चहाचा ग्लास पुरत नाही.