पियानो शिकायचाय? यूट्यूबवर कुणाला धरायचं ते कसं ठरवायचं

सांगली-मिरजेत पेटी, तबला, सतार शिकवणारे शोधायला फार लांब जावं लागत नाही, मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना तर २०२४ मध्ये जीआय मानांकनसुद्धा मिळालं. पण पियानो शिकवणारं कुणी शोधायला निघालात की लगेच दमछाक होते. मग माणूस यूट्यूबकडं वळतो आणि तिथं उलटीच अडचण, शिकवणारे हजार आणि कुणाचं ऐकायचं तेच कळत नाही. 'चांगला चॅनल सांगा ना' असं कुणी विचारलं की मी आधी एकच विचारतो, तुमचं अडतंय कुठं ते सांगा. कारण नाव सांगून फारसा उपयोग होत नाही, एकाला जो चॅनल लागू पडतो तो दुसऱ्याला पहिल्या आठवड्यातच कंटाळवाणा वाटतो.

आता आपल्याकडचे बरेचसे लोक पेटीवरून पियानोकडं येतात, नाहीतर घरात पोरांसाठी घेतलेला कॅसिओ पडून असतो त्यावरून. (कॅसिओ म्हणजे कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड, हे आपल्याला सांगायला नको.) पेटीवाल्याचा उजवा हात तयार असतो, सूर ओळखता येतो, लय अंगात असते, हे फार मोठं भांडवल आहे. पण डावा हात आयुष्यभर भात्यावर गेलेला, त्याच्या बोटांना सूर माहीतच नसतात. दुसरं म्हणजे पेटीत आवाज लहान-मोठा होतो तो भात्याच्या दाबानं, पियानोत मात्र पट्टी किती वेगानं खाली गेली त्यावर हातोडी तारेवर तशी आपटते आणि आवाज तसा येतो, म्हणजे सगळा खेळ बोटाच्या आणि मनगटाच्या वजनाचा. आणि पेटीचा सूर हवा आहे तोवर टिकतो, पियानोचा सूर वाजला की त्याच क्षणापासून विरायला लागतो, म्हणून तिथं सूर धरून ठेवायला पायानं दाबायचं पेडल लागतं. तर पेटीवाल्यानं 'पियानो फॉर बिगिनर्स' असं शोधून 'हा बघा सी, हा बघा डी' असले धडे बघण्यात वेळ घालवू नये. सी म्हणजे आपली पांढरी एक, एफ शार्प म्हणजे काळी तीन, एवढं एकदा लक्षात ठेवलं की झालं. त्यानं शोधायचं ते डाव्या हाताचं, पेडलचं आणि टचचं.

म्हणून माझी पद्धत अशी. आपल्या तीन अडचणी कागदावर लिहून काढा, अगदी साध्या शब्दांत. उदाहरणार्थ, दोन्ही हात एकत्र आले की डावा हात उजव्याची नक्कल करतो. सरगम वाजवताना अंगठा खालून नेला की कोपर वर उडतं. पेडल दाबलं की सगळं एकात एक मिसळून गिचका होतो. आता या तिन्ही अडचणी एकेक करून इंग्रजीत सर्च करा, 'हँड इंडिपेन्डन्स', 'थंब अंडर', 'लेगाटो पेडलिंग' असे शब्द टाकून, मराठीत टाकलं तर फारसं काही हाती लागत नाही हे खरं आहे. प्रत्येक अडचणीचे चार-पाच व्हिडिओ बघा. एखादा माणूस तिन्ही ठिकाणी समोर आला आणि तिन्ही वेळा त्याचं बोलणं तुम्हाला पटलं, लगेच कीबोर्डवर जाऊन करून बघावंसं वाटलं, तर तो तुमचा मास्तर. सबस्क्रायबर लाखात आहेत की हजारात हे बघायचंच नाही. डिसलाइकचा आकडा यूट्यूबनं २०२१ पासून लपवलाय, त्यामुळं तो आधारही गेला, आता स्वतःच बघून ठरवायचं.

अजून एक युक्ती सांगतो, फार कामाची आहे. पाश्चात्त्य रचना शोधताना नुसतं नाव टाकू नका, तिचा कॅटलॉग नंबर, म्हणजे त्या संगीतकाराच्या रचनांच्या यादीतला क्रमांक टाका. बेथोव्हेनची 'फ्युर एलिझ' नावानं शोधली की 'पाच मिनिटांत शिका', 'एकदम सोपी' असला ढीग वर येतो, पण नावाबरोबर 'डब्ल्यूओओ ५९' (WoO 59) आणि पुढं 'फिंगरिंग' (कुठला सूर कुठल्या बोटानं) किंवा 'लेसन' टाकून बघा, शिकवणारी माणसं वर यायला लागतात. नंबर लिहिणारा माणूस निदान मूळ नोटेशन समोर ठेवून बसलाय एवढं तरी कळतं. आणि नोटेशन तुम्हालाही फुकट मिळतं, आयएमएसएलपी नावाची साइट आहे, २००६ पासून चालू आहे, कॉपीराइट संपलेल्या रचनांची पानं तिथून उतरवून प्रिंट काढा आणि व्हिडिओ बघताना समोर ठेवा, पेन्सिलीनं बोटांचे आकडे लिहीत जा. अंगठा १ आणि करंगळी ५, दोन्ही हातांना तेच, हे मात्र पहिल्याच दिवशी पक्कं करा.

व्हिडिओ उघडल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांत काय बघायचं? कॅमेरा कुठं आहे ते. नुसता वरून असेल तर पट्ट्या दिसतात पण मनगट वर-खाली कसं होतंय ते दिसत नाही, बाजूनंही एक कॅमेरा असेल तर त्या माणसाला शिकवायची काळजी आहे असं समजा. मग बघा की तो चुकीचं करून दाखवतो का. 'हे असं करू नका' म्हणत मुद्दाम वाकडं वाजवून, मग सरळ वाजवून, फरक ऐकवणारा मास्तर सगळ्यात भारी, कारण घरी आपण वाकडंच वाजवत असतो आणि आपल्याला ते कळत नाही. आणि खाली कमेंटमध्ये शिकणाऱ्यांचे नेमके प्रश्न आहेत का, त्याला उत्तरं आहेत का, की नुसतं 'वॉव, अमेझिंग'. व्हिडिओ जुना आहे, चित्र धूसर आहे म्हणून सोडू नका. मोबाइल दरवर्षी बदलतो, पियानोच्या ८८ पट्ट्या, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या, तशाच आहेत, दहा-बारा वर्षांपूर्वीचा चांगला धडा आजही तेवढाच चालतो.

बरं, नावं पाहिजेतच म्हणता तर माझ्या पसंतीची थोडी सांगतो. घरात लहान पोरगं असेल तर हॉफमन अकॅडमी, जोसेफ हॉफमन नावाचा अमेरिकन मास्तर आहे, डो रे मी गाऊन घेतो, पोरांना आपल्या सारेगममुळं ते लगेच जमतं, धडे ओळीनं लावलेले आहेत आणि आई-बाबाही शेजारी बसून शिकू शकतात. मोठ्या माणसाला कॉर्ड, म्हणजे तीन-चार सूर एकदम, धरून गाणी वाजवायची असतील तर बिल हिल्टन, हा ब्रिटिश माणूस अगदी निवांत बोलतो, हॉटेलात वाजवतात तसला पियानो, डाव्या हाताचे पॅटर्न वगैरे त्याच्याकडं छान आहे. पेटीवाल्यांनी याच्यापासून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण सूर तुमच्याकडं आहे, कॉर्डची भर तेवढी पाहिजे.

तंत्रासाठी दोघं. ग्रॅहम फिच, पियानिस्ट मॅगझिनच्या चॅनलवर त्याचे धडे आहेत, रियाज कसा करायचा यावर हा माणूस जेवढं बोलतो तेवढं फार कमी लोक बोलतात, एक ओळ तुकडे करून, संथ, उलटीकडून, लय बदलून कशी घोटायची ते. बघताना आपले बुवा पलट्यांच्या बाबतीत जे सांगायचे तेच ऐकतोय असं वाटतं. दुसरा जॉश राइट, अमेरिकेतला पियानोवादक, याचं थोडं पुढच्या पायरीचं, पोलंडच्या शोपाँच्या रचना वगैरे वाजवायला लागलात की. आणि पॉल बार्टन, थायलंडमध्ये राहणारा ब्रिटिश पियानोवादक, जो म्हाताऱ्या, जखमी हत्तींसमोर पियानो वाजवतो म्हणून सगळ्यांना माहीत झाला. हत्ती बघाच, पण त्याचे शिकवण्याचे व्हिडिओही बघा, हात स्वच्छ दिसतात आणि माणूस घाई करत नाही.

आता ते रंगीत पट्ट्या वरून धबाधबा पडतात आणि खाली पियानोच्या पट्ट्या उजळतात, तसले व्हिडिओ. बघायला मजा येते, मीही बघतो. शिकायला मात्र अजिबात कामाचे नाहीत असं मला वाटतं, कारण त्यात बोटच नसतं, कुठली पट्टी ते कळतं पण कुठल्या बोटानं, किती जोरात, श्वास कुठं घ्यायचा यातलं काही नाही. चार ओळी पाठ होतात, पाचवीला सगळं विसरतं. अडलेला एखादा कॉर्ड नेमका कुठला हे तपासायला तेवढा उपयोग करा.

हिंदी-मराठी गाणी वाजवायची हौस तर आपल्याला असतेच, त्याशिवाय पाहुणे आल्यावर काय वाजवणार. ब्रायन सायलस यांनी जुनी हिंदी गाणी पियानोवर आणली ती ऐका, सूर गायकाचा राहतो आणि डावा हात भरत जातो, हे कसं करतात ते नुसतं ऐकूनसुद्धा समजतं. आकाश गांधी यांचा 'एटीएट कीज टू युफोरिया' हा चॅनल नव्या गाण्यांसाठी. आणि ज्यांना राग पियानोवर ऐकायचाय त्यांनी उत्सव लाल यांना शोधा. 'पियानोवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) कशी निघणार' म्हणून नाक मुरडणारे भेटतील, भेटू देत, याच कारणासाठी आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटीवर बंदी घातली होती आणि तरी पेटी काय गेली नाही आपल्याकडून. उत्सव लाल यांनी तर फ्लुइड पियानो नावाच्या, सूर मधेच हलवता येणाऱ्या वाद्यावरही राग वाजवलेत. मराठी गाण्यांचे धडे शोधताना एक सावधगिरी, शिकवणारा कुठल्या पट्टीत, म्हणजे स्केलमध्ये, सांगतोय ते आधी बघा. बाईच्या आवाजासाठी काळी चारमध्ये बसवलेलं गाणं आणि तुम्ही गाताय पांढरी एकमध्ये, मग सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणारं ट्रान्सपोजचं बटण दाबून वाजवायची सवय लागते आणि हात कायमचा एकाच पट्टीत अडकतो. बटण कार्यक्रमापुरतं ठीक आहे, रियाजाला नको.

यूट्यूब वापरायचं कसं तेही थोडं बघू. व्हिडिओचा वेग सेटिंगमधून कमी करता येतो, ०.७५ वर बहुतेक काम भागतं, ०.५ च्या खाली आवाज फाटल्यासारखा येतो पण बोटं बघायला चालतं. मोबाइलवर स्क्रीनच्या डाव्या बाजूला दोनदा टॅप केलं की दहा सेकंद मागं. लॅपटॉप असेल तर व्हिडिओ थांबवून कॉमा आणि फुलस्टॉपच्या बटणांनी एकेक फ्रेम मागं-पुढं जाता येतं, अंगठा नेमका कधी खाली गेला ते यात सापडतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. चॅनलवर गेलात की 'व्हिडिओज' नको, 'प्लेलिस्ट' उघडा, तिथं क्रम असतो. क्रमच नसेल तर तो चॅनल मुख्य म्हणून धरू नका, अधूनमधून चव बदलायला ठेवा. आणि पियानोसाठी वेगळं अकाउंट काढा, ज्या अकाउंटवर घरातले सगळे क्रिकेट, मालिका आणि रेसिपी बघतात त्यावर पियानोचं काही धड समोर येतच नाही, आणि आलंच तर रंगीत पट्ट्यावालं. नको असलेलं आलं की तीन ठिपक्यांवर जाऊन 'डोन्ट रेकमेंड चॅनल' करत राहा, थोड्या दिवसांत यादी सुधारते.

व्हिडिओला तुमचा हात दिसत नाही, हे मात्र कुठल्याच चॅनलनं सुटत नाही. म्हणून मोबाइल स्टँडला लावून, मास्तरच्या कॅमेऱ्याच्या बाजूनंच स्वतःचं रेकॉर्डिंग करा आणि दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून बघा. मनगट किंवा दंड दुखायला लागला तर तो व्यायाम तिथंच बंद, 'दुखलं तरी चालू ठेवा' सांगणारा चॅनलही बंद. महिन्यातून एकदा पुण्या-कोल्हापूरला कुणा जाणत्या माणसासमोर वाजवता आलं तर सोन्याहून पिवळं, ग्रेडची परीक्षा द्यायची असेल, लंडनच्या ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या परीक्षा मंडळांची, तर त्याशिवाय जाऊच नका.

नुसतं ऐकणाऱ्यांसाठी तर यूट्यूब म्हणजे चंगळ आहे. पोलंडमध्ये वॉर्सात दर पाच वर्षांनी पियानोची शोपाँ स्पर्धा होते, शोपाँ इन्स्टिट्यूटच्या चॅनलवर सगळ्या फेऱ्या आहेत, कोविडमुळं २०२० ची स्पर्धा २०२१ ला झाली तेव्हा ब्रूस ल्यू जिंकला, २०२५ ला एरिक लू. नुसते विजेते बघू नका, एकच रचना चार स्पर्धकांची ओळीनं लावा, एकाचा डावा हात पुढं येतो, दुसरा पेडल किती कमी वापरतो, कान तयार होतात. आपण एकच बंदिश दोन घराण्यांची ऐकतो तसंच आहे हे. अमेरिकेतल्या क्लायबर्न पियानो स्पर्धेच्या चॅनलवर २०२२ ला युनचान लिमनं वाजवलेलं रखमानिनोव्हचं तिसरं कॉन्चेर्टो (वाद्यवृंदाच्या साथीनं वाजवायची मोठी रचना) आहे, पोरगा १८ वर्षांचा होता, ते हेडफोन लावून रात्री ऐका. आणि रचना कशी बांधलीय यात रस असेल तर नाहरे सोल, एकच साधी धून वेगवेगळ्या संगीतकारांच्या ढंगात वाजवून दाखवते, हसतखेळत बरंच कळतं.

राहिलं कीबोर्ड खरेदीचं. रिव्ह्यूचे व्हिडिओ बघताना खालच्या लिंका बघा, बहुतेकांना विक्रीवर कमिशन असतं. कॅनडाच्या मेरियमवाल्यांचे रिव्ह्यू खोलात जाऊन केलेले असतात, मला आवडतात, पण ते स्वतः पियानो विकणारे आहेत हे डोक्यात ठेवून बघायचे, आणि तिकडचं मॉडेल इकडं मिळेलच असं नाही. व्हिडिओतला आवाज बहुतेक वेळा केबलनं थेट घेतलेला असतो, वाद्याच्या स्वतःच्या स्पीकरचा नाही, त्यामुळं दुकानात गेल्यावर तोच कीबोर्ड फुसका वाटू शकतो. सुरुवातीला ६१ पट्ट्यांचा चालेल पण टच सेन्सिटिव्ह, म्हणजे जोरात दाबलं की मोठा आणि हळू दाबलं की लहान आवाज देणारा पाहिजे, पेडल जोडायची सोय पाहिजे. पुढं जायचंच असं ठरलं असेल तर ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो, आणि तो दुकानात जाऊन हातानं दाबून बघितल्याशिवाय ऑनलाइन मागवू नका.