कार्पेट घ्यायला निघण्याआधी

गेल्या थंडीत आईच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट घालायचं ठरलं. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचा आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, खोलीत व्हिट्रिफाइड टाइल्स. पहाटे आई पलंगावरून पाय खाली टेकवायची आणि चटका बसल्यासारखा वर उचलून घ्यायची. सुटा गालिचा टाकला तर त्याच्या कडेत पाय अडकायची भीती, म्हणून खोलीभर घालायचं. आठवड्यात उरकेल असं वाटलेल्या कामाला सव्वा महिना लागला. मी पाच दुकानं फिरले आणि चार ठिकाणी एका साध्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही: घरात घालून झाल्यावर एकूण किती? एकाने व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर लिहून दिलं, '७८/- फूट, बाकी एक्स्ट्रा.' बाकी म्हणजे काय, तर ते माप घेतल्यावर. मापाला माणूस कधी येईल, तर अ‍ॅडव्हान्स दिल्यावर. थोडी रक्कम भरली. शनिवारचा माणूस मंगळवारी आला, खोली पावलांनी मोजून निघून गेला. त्यानंतर दुकानात फोन केला की 'साहेब बाहेर गेलेत' एवढंच ऐकू यायचं. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून, मी आधी काय करून ठेवायला हवं होतं ते इथे सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात आधी खोली स्वतः मोजा, दुकानाच्या माणसाची वाट बघू नका. स्टीलची पाच मीटरची टेप घ्या आणि प्रत्येक बाजू तीन ठिकाणी मोजा, दोन्ही टोकांना आणि मधोमध, कारण आपल्या इमारतींच्या भिंती समांतर असतीलच असं नाही. आमच्याच खोलीत एका टोकाला दुसऱ्यापेक्षा सव्वा इंच जास्त निघाला. त्यातलं मोठं माप धरायचं. दाराच्या चौकटीतला खाचा, भिंतीतलं कपाट, बाल्कनीच्या दारापाशी असलेला उंचवटा हे सगळं कागदावर काढा, आणि दार कुठल्या बाजूला उघडतं तेही दाखवा. मापं फूट-इंचात आणि सेंटिमीटरमध्ये, दोन्ही लिहा. दुकानदार भाव चौरस फुटाचा सांगतात, पण मालाच्या कॅटलॉगमध्ये मीटर असतात. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट, हा आकडा त्याच कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

आता सगळा गोंधळ जिथून सुरू होतो ती गोष्ट. तुमच्या खोलीचं क्षेत्रफळ आणि तुम्हाला विकत घ्यावं लागणारं कार्पेट हे दोन वेगळे आकडे आहेत. खोलीभर घालायचं कार्पेट रोलमध्ये येतं आणि रोलची रुंदी ठरलेली असते, बहुतेक वेळा ४ मीटर म्हणजे १३ फूट दीड इंच, काही मालात १२ फूट. दुकानदार रोलच्या पूर्ण रुंदीचा तुकडा कापतो आणि पैसे त्या पूर्ण तुकड्याचे लावतो. आमची खोली १० फूट ४ इंच बाय ११ फूट ९ इंच, म्हणजे साधारण १२१ चौरस फूट. कापायला कडेला चार इंच जास्त धरून ४ मीटरचा रोल ११ फूट ९ इंचाच्या बाजूवर आडवा टाकला तर १४० चौरस फूट घ्यावं लागतं. तोच रोल दुसऱ्या दिशेने टाकला तर जवळजवळ १५९. खोली तीच, माल तोच, पण फक्त दिशा फिरवल्याने एकोणीस फुटांचे पैसे वाढले. पावलांनी मोजणाऱ्या माणसाने आम्हाला १५९ लावले होते. दुसऱ्या दिशेने टाकता येईल का, असं मी विचारलं तेव्हा कुठे तो कागदाकडे बघायला लागला. लव, म्हणजे वरचे उभे धागे, एका बाजूला झुकलेली असेल किंवा नक्षी असेल तर दिशा बदलल्याने दिसण्यात फरक पडतो, ते खरं आहे. पण तो निर्णय तुम्हाला विचारून व्हायला हवा. म्हणून रोलची रुंदी किती आणि तुकडा कोणत्या दिशेने कापणार, हे दोन प्रश्न भावाच्याही आधी विचारा. खोली १३ फुटांपेक्षा रुंद असेल तर जोड कुठे येणार तेही विचारा. जोड दारातून आत येणाऱ्या वाटेवर आला तर तिथेच आधी उसवतो.

मग भाव. चौरस फुटाच्या भावाची तुलना करूच नका. एका कागदावर या रकमा वेगळ्या मागा: कार्पेट, खालचा फोम किंवा फेल्टचा अंडरले, फिटिंग, दाराशी लागणारी अॅल्युमिनियमची पट्टी, टेम्पो, हमाली, जुनं काही काढायचं असल्यास त्याची मजुरी, आणि कर. सप्टेंबर २०२५ पासून कार्पेटवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या दराने हिशोब लावलेला दिसला तर तिथल्या तिथे बोला. व्हिनाइलचं, म्हणजे पीव्हीसीचं फ्लोअरिंग दाखवत असतील तर त्यावर १८ टक्के आहे, ते कार्पेटच्या दरात बसत नाही.

आमचा हिशोब सांगते. ७८ रुपयेवाल्याकडे १५९ फुटांचे १२,४०२ झाले. अंडरले आणि फिटिंग खोलीच्या मापाने, पुढचा पूर्ण फूट धरून १२२ फुटांवर: अंडरले २० रुपयांनी २,४४०, फिटिंग १२ रुपयांनी १,४६४, पट्टी ४५०, टेम्पो आणि हमाली ९००. झाले १७,६५६, आणि कर धरून अठरा हजारांच्या पुढे. म्हणजे खोलीच्या प्रत्येक फुटाला दीडशे रुपये पडले, कार्डावर ७८ लिहिलेलं असताना. पाचव्या दुकानात, जिथून शेवटी घेतलं, तिथे भाव ११८ सांगितला तेव्हा मी उठायलाच लागले होते. तिथल्या बाईंनी बसवून घेतलं आणि त्यात अंडरले, फिटिंग, पट्टी आणि कर सगळं धरलं आहे असं लिहून दाखवलं. १४० फुटांचे १६,५२० आणि टेम्पोचे ५००. स्वस्त दिसणारं दुकान हजारापेक्षा जास्त महाग निघालं. तिथे पहिल्याच भेटीत आकडा मिळाला, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी सेवा होती. ज्या दुकानात पैसे घेण्याआधी आकडा सांगत नाहीत, तिथे पैसे घेतल्यावर फोन उचलतील ही आशा मला उरलेली नाही.

मालाबद्दल थोडं घरूनच ठरवून जा. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त असतं, पाणी शोषत नाही, डाग लवकर निघतात, पण पलंगाचे पाय टेकतात तिथे दबलेली लव परत उभी राहत नाही. नायलॉन महाग, पण चालण्याने दबलं तरी सावरतं. लोकर उबदार असते आणि तिला दमट हवा सोसत नाही, त्यामुळे पावसाळ्यात खिडक्या बंद राहणाऱ्या खोलीसाठी मी ती घेणार नाही. 'बांबू सिल्क' किंवा 'आर्ट सिल्क' असं काही सुटं, चमकदार दाखवलं तर ते बहुधा व्हिस्कोज असतं, म्हणजे रेशमाचा भाव देऊ नका, आणि त्यावर पाणी सांडलं तर पिवळट डाग राहतो. जाडी सांगताना ग्रॅमचा आकडा फेकतात, तेव्हा हे वजन नुसत्या लवेचं की मागच्या अस्तरासकट, एवढं विचारा. अस्तर जड करून एकूण वजन वाढवता येतं, पायाखाली मात्र लवच येते.

नमुन्याचा तुकडा घरी आणायला मागा, दोन दिवसांसाठी, हवं तर अनामत ठेवून. दुकानातल्या पांढऱ्या दिव्यांखाली मला राखाडी दिसलेला तुकडा आमच्या पिवळ्या दिव्यात चक्क हिरवट दिसला. सकाळी खिडकीत, रात्री दिव्याखाली बघा, आणि ज्याच्यासाठी घेताय त्याला अनवाणी त्यावर उभं करा. पसंत पडल्यावर मालाचं नाव, रंगाचा क्रमांक आणि लॉट नंबर बिलावर लिहून घ्या. लॉट बदलला की त्याच रंगात छटेचा फरक पडतो.

घराची तयारी राहून जाते आणि मग ऐनवेळी तिचेही पैसे लागतात. तेरा फुटांची गुंडाळी लिफ्टमध्ये मावत नाही. जिन्याच्या वळणावर ती फिरते का, हे टेप लावून आधीच बघा. नाहीतर हमाल खाली उभं राहून मजल्यामागे वेगळे पैसे मागतात, आणि दोरीने बाल्कनीतून वर घ्यायची वेळ आली तर सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगावं लागतं. आत उघडणाऱ्या दाराखाली किती फट आहे ते मोजा. कार्पेट आणि अंडरले मिळून पाऊण इंचापर्यंत जाडी होऊ शकते, तेवढी फट नसेल तर सुताराकडून दार खालून रंधून घ्यावं लागतं, आणि ते काम कार्पेटवाले करत नाहीत. पलंग आणि कपाट कोण हलवणार, हेही आधी ठरवा.

तळमजल्यावर राहत असाल किंवा भिंतीला पोपडे येत असतील तर फरशीची ओल तपासल्याशिवाय पुढे जाऊच नका. दीड फूट चौरस प्लास्टिक फरशीवर पसरून चारी कडांना चिकटपट्टी लावा आणि एक दिवस-रात्र तसंच ठेवा. उचलल्यावर खाली दव धरलेलं दिसलं तर त्या खोलीत कार्पेट नको, ते महिन्याभरात कुबट वास मारायला लागेल. फरशी कोरडी असली तरी पुण्यात जून ते सप्टेंबर हे काम काढू नये असं माझं मत आहे. दिवाळीच्या तोंडावर कारीगर मिळत नाहीत, म्हणून नोव्हेंबरनंतरचे दिवस बरे. पेठांतली बरीच दुकानं दुपारी बंद असतात आणि आठवड्याची सुट्टी भागाप्रमाणे बदलते, तेव्हा फोन करूनच निघा.

पैसे देताना जरा कडक राहा. आधी कोटेशन, मग अ‍ॅडव्हान्स, आणि कोटेशनवर दुकानाचा शिक्का, तारीख, माल पोचवायचा दिवस आणि फिटिंगचा दिवस असू द्या. एकूण रकमेतला चौथा हिस्सा तरी फिटिंग होईपर्यंत हातात ठेवा. यूपीआयने देत असाल तर समोर दुकानाचं नाव येतंय की कुणा माणसाचं, ते बघून मगच पिन टाका. कच्चं बिल घेतलं तर थोडं कमी करू, असं म्हणतील. घेऊ नका, पुढे तक्रार करायची वेळ आली तर हातात काहीच राहत नाही. मी पहिल्या दुकानात दिलेले दोन हजार परत मिळवले ते केवळ पावती होती म्हणून, तेही चार फेऱ्या मारल्यावर.

कायदा आपल्या बाजूने बराच आहे, आणि ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी याच शहरात उभी केली, तेव्हा पुण्यात बिल मागताना कुणी संकोच करू नये असं मला मनापासून वाटतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा त्यातच येते. बिलाखाली 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलेलं असलं तरी सदोष मालाला ते लागू पडत नाही. मात्र तुमच्या मापाने कापलेला तुकडा नुसता मनातून उतरला म्हणून परत घ्या, असं म्हणता येणार नाही, आणि ते रास्तही आहे. दुकानदार ऐकत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यानेही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, आणि तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. त्यासाठी फोनवर झालेलं बोलणं लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवायची सवय लावा: 'आज आपण शनिवारी मापाला माणूस पाठवतो म्हणालात.' मी तिसऱ्या आठवड्यात असं करायला लागले आणि त्या दिवसापासून उत्तरं यायला लागली.

फिटिंगच्या दिवशी घरी एक माणूस मोकळा ठेवा. गुंडाळी उलगडण्याआधी लॉट नंबर बिलाशी ताडून बघा आणि तुकड्याची लांबी-रुंदी स्वतः मोजा, कारण कात्री लागल्यावर कमी भरलेलं माप सिद्ध करता येत नाही. अंडरले ठरलेलाच आहे ना, ते अंथरण्याआधी बघा, एकदा झाकला की कोण बघतं. काम झालं की चारी कोपऱ्यांत तळव्याने दाबून बघा, फुगवटा राहिला असेल तर कारीगर असतानाच ताणून घ्या, आणि दार दोनदा उघडून मिटा. कारीगराचा नंबर घ्या, महिन्याभरात कड सुटली तर कोण येणार हे त्याच्याकडून आणि दुकानाकडून वदवून घ्या. कापून उरलेले पट्टे तो गुंडाळून न्यायला लागेल. त्यांचे पैसे तुम्ही दिले आहेत, ते ठेवून घ्या. डाग पडला किंवा जळलं तर ठिगळाला त्याच लॉटचा तुकडा दुसरीकडे मिळत नाही. आमच्याकडे सव्वा फुटाचा एक लांब पट्टा उरला होता. त्याच्या कडा शिवून घेतल्या आणि तो आईच्या देवघरासमोर टाकला. तिथेही फरशी गारच होती. एवढं सगळं बघून झाल्यावर मग हातात ठेवलेला चौथा हिस्सा द्या.