व्हिडिओ एडिटिंगसाठी हार्ड डिस्क केवढी घ्यावी?

नवरात्र जवळ आली की बडोद्यात कॅमेरावाल्यांची खरेदी सुरू होते आणि जो तो एकच सल्ला देतो : "फोर-के करताय ना? मग चार टीबी घ्या." हा सल्ला अजिबात ऐकू नका. फोर-के हा नुसता चित्राचा आकार झाला. जागा किती लागणार हे बिटरेट (सेकंदाला किती मेगाबिट डेटा नोंदला जातो), तास, कॅमेऱ्यांची संख्या आणि प्रती यांवर ठरतं.

१. बिटरेट बघा. तो कॅमेऱ्याच्या मेन्यूत असतो. मोबाइल असेल तर मिनिटभराची क्लिप घ्या, तिच्या आकाराला ६० ने गुणा आणि थेट तिसऱ्या पायरीवर या.

२. तासाला किती जीबी ते काढा. कॅमेरा मेगाबिट सांगतो, डिस्क मेगाबाइट मोजते. ८ बिट मिळून १ बाइट. १०० मेगाबिटचं रेकॉर्डिंग म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट, तासाला ४५ जीबी. सोपी युक्ती अशी की बिटरेटला ०.४५ ने गुणलं की तासाचे जीबी मिळतात.

३. पूर्ण कामाची बेरीज करा. गरब्याचं घ्या. तीन कॅमेरे, रात्रीचे चार तास, १०० मेगाबिट : एका रात्रीचे ५४० जीबी, नऊ रात्रींचे ४,८६० जीबी. चार टीबीची डिस्क आठव्या रात्रीच भरते. त्यातून विंडोज ४ टीबीची डिस्क ३.६३ टीबी दाखवतं. त्यात दुकानदाराची फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे.

४. एडिटिंगच्या फायलींना जागा धरा. सगळ्यात अवघड पायरी हीच, आणि मला ती उमगायला बराच वेळ लागला. लोक कार्डावरच्या फुटेजचा हिशेब करून थांबतात. पण कॅमेऱ्याचं फुटेज खूप दाबलेलं (कॉम्प्रेस केलेलं) असतं, मशीन अडखळायला लागतं, आणि मग कुणीतरी सांगतं, "सगळं प्रोरेसमध्ये करून घे." प्रोरेस म्हणजे अ‍ॅपलचा फॉरमॅट, मशीनला हलका पण आकाराने मोठा. करण्याआधी आकडा बघा. सेकंदाला २५ फ्रेमचं फोर-के प्रोरेस ४२२ (त्याचा एक प्रकार) तासाला साधारण २२१ जीबी घेतं. गरब्याच्या एका रात्रीचं फुटेज तिन्ही कॅमेरे मिळून बारा तासांचं, म्हणजे २,६५० जीबी! मूळ फुटेजच्या जवळजवळ पाचपट.

माझं मत पक्कं आहे : गरबा, लग्न, गणपतीचे कार्यक्रम अशा लांबलचक कामांत हे करूच नका. १०८० आकाराच्या प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती करा. प्रोरेस प्रॉक्सीला तासाला १७ जीबी लागतात, म्हणजे त्याच रात्रीचं काम २०४ जीबीत बसतं. एडिटिंग प्रॉक्सीवर, शेवटचं एक्स्पोर्ट मूळ फुटेजवरून. काम संपलं की प्रॉक्सी आणि रेंडरच्या कॅश फायली (एडिटिंग सॉफ्टवेअरने बनवलेल्या तात्पुरत्या फायली) बिनधास्त उडवा, त्या पुन्हा बनवता येतात. कॅशला मात्र वेगळी जागा नेमून द्या. ती सिस्टिमच्या डिस्कवर गुपचूप वाढत राहते आणि ऐन डिलिव्हरीच्या दिवशी डिस्क भरल्याचा निरोप येतो.

५. कशावर काय ठेवायचं. प्रॉक्सी, कॅश आणि चालू काम एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर), मूळ फुटेज साध्या हार्ड डिस्कवर. तीन कॅमेरे एकत्र चालवताना हार्ड डिस्कचा वाचणारा काटा तीन जागी उड्या मारतो. वेग कागदावर पुरेसा असला तरी प्लेबॅक अडकतो. कुठलीही डिस्क पाचवा हिस्सा मोकळी ठेवा.

६. दुसरी प्रत. मूळ फुटेजची एकूण बेरीज दुप्पट करा आणि दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर, जमल्यास दोन वेगळ्या घरांत ठेवा. रेड (एकच डेटा दोन डिस्कवर एकदम लिहिणारी जोडणी) लावलं म्हणजे बॅकअप झाला, असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. तिथे चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते.

७. फॉरमॅट. मॅक आणि विंडोज दोन्हींवर काम असेल तर डिस्क एक्सफॅट या पद्धतीने फॉरमॅट करा. फॅट३२ नको, त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही.

कार्ड पुसण्याआधी दोन्ही प्रतींतल्या काही क्लिप उघडून शेवटपर्यंत चालवून बघा, फोल्डरचे आकार जुळतात का ते बघा, आणि मगच दुसऱ्या रात्रीसाठी कार्ड कॅमेऱ्यात घाला.